जाळीतलं जांभळं सूत

सुप्यात एमआयडीसीच्या रस्त्याला माझं वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पंधरा वर्षं हेच करतोय, आणि या पंधरा वर्षांत मशीनची जाळी आपणहून साफ करणारं माणूस मी एकच पाहिलं. बाकीचे लोक मशीन लाडानं आणतात, वर क्रोशाचा रुमाल घालतात, आणि आत टबाला लावलेली ती छोटी जाळीची पिशवी गच्च भरून फाटायला आली तरी तिच्याकडं ढुंकून बघत नाहीत. मग धुतलेल्या पँटीवर कचरा दिसला की मेकॅनिकच्या नावानं शिमगा. कडूबाई तशी नव्हती.

ती खर्ड्याकडची. नवऱ्याबरोबर वीस-बावीस हंगाम ऊस तोडला, नवरा गेल्यावर भावाच्या टोळीत मोळ्या बांधल्या. एकुलता एक पोरगा कानिफनाथ, त्याला बहिणीकडं, गोजरबाईकडं ठेवून शिकवलं. पोरगं आयटीआय झालं, इथल्या कंपनीत लागलं, सुपरवायझर झालं. फ्लॅट घेतल्यावर त्यानं आईला आणलं. लोक म्हणाले, नशीब काढलं बाईनं. मीही म्हणालो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मशीनची तक्रार आली म्हणून गेलो. जाळी बाहेर काढली तर कडूबाई दचकून मागं सरली.

"आगं बया! उंदीर मेलाय का काय?"

"उंदीर नाही मावशी, तुमच्याच कपड्यांचं सूत आहे हे."

तिला फार नवल वाटलं. माझ्याशेजारी बसून तिनं सगळं नीट विचारून घेतलं. मी सांगितलं, आठवड्यातून एकदा जाळी काढायची, उलटी करायची, नळाखाली धरून जुन्या टूथब्रशनं हलकं घासायचं. गरम पाणी नको, तारेची घासणी तर नकोच. परत बसवताना टक असा आवाज आला पाहिजे. एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागली, आणि तेव्हापासून कडूबाईचा एक रविवार चुकला नाही.

दूध आणायला जाता-येता ती दुकानाशी थांबायची आणि जाळीचा अहवाल द्यायची. कानिफचा निळा ड्रेस लई गळतोय, नातीच्या फ्रॉकाचं गुलाबी निघालं, असलं काहीबाही. आणि शेवटी एक वाक्य ठरलेलं.

"मपलं लुगडं बी सून त्यातच टाकती बरं का. जलमभर पाटाच्या पान्यात आपटलं, आता मशीन धुतंय. लेकानं पांग फेडलं."

हेच ती फोनवर गोजरबाईला सांगायची, गल्लीतल्या बायकांना सांगायची. मला कधी कधी कंटाळा यायचा, पण खरं सांगतो, ऐकून बरंही वाटायचं.

यंदा दिवाळीला तिनं नवं जांभळं लुगडं घेतलं. दीड महिन्यानं दुकानात आली ती तक्रार घेऊनच.

"रंगनाथ, मशीन बिघडलंय."

"काय होतंय मावशी?"

"जाळीत समद्यांचं सूत येतंय. कानिफचं निळं, दिपालीचं पिवळं, पोरीचं गुलाबी. माझं जांभळं येतच न्हाई. जुनी लुगडी विरलेली हुती, त्याचं मला काय वाटलं न्हाई. पर हे नवं हाय, सुती हाय. पलंगावर बसले तरी चादरीला सूत लागतंय. मग जाळीच त्येवढी का धरंना?"

मला तिथंच समजलं. जाळी माणूस बघून सूत धरत नाही. पण हे त्या बाईच्या तोंडावर कसं सांगायचं? म्हटलं, रविवारी येऊन बघतो.

रविवारी घरात सगळे होते. कानिफनाथ मोबाईल घेऊन सोफ्यावर, त्याची बायको दिपाली स्वयंपाकघरात. मी मशीन उघडलं. कडूबाईनं घासून ठेवलेली जाळी इतकी स्वच्छ होती की दुकानात नवी म्हणून टांगता आली असती. तरी मी म्हणालो, "मावशी, जाळी विरलीय. बदलतो." नवी बसवली. मला वाटलं, मिटलं.

पण कडूबाई कसली सोडते! आत गेली, जांभळं लुगडं घेऊन आली. मशीनमध्ये कानिफनाथचे शर्ट आधीच पडलेले होते. "आता माज्यासमोर चालू कर," असं म्हणून तिनं लुगडं त्या शर्टांवर टाकलं.

"आई, त्यात नको टाकू!" कानिफनाथ सोफ्यावरून उठलाच. "माझे कंपनीचे शर्ट आहेत त्यात."

बोलून गेला. दिपाली दारात येऊन उभी राहिली होती. कडूबाईनं एकदा लेकाकडं बघितलं, एकदा सुनेकडं.

"मग रोज कशात टाकता?"

दिपाली रडायलाच लागली. "आत्या, मी हातानं धुते तुमची. तुम्ही दुपारी देवळात गेल्या की. मशीन आली त्याच दिवशी ह्यांनी सांगितलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून पिळून परत मशीनमध्ये ठेवत होते."

"अगं आई, तुझ्या मिसरीचा वास लागतो कपड्यांना," कानिफनाथ खाली बघत म्हणाला. "कंपनीत लोक नाक मुरडतात. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही."

कडूबाई ओरडली नाही. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बादलीत धुतलं म्हनला आसतास तर मी एक शबुद बोलले नसते. जलमभर म्याच धुतलं की. पर दोन वर्सं मला खोटं दाखवलं. मी साऱ्या गावाला सांगत फिरले, लेक माजं लुगडं मशीनीत धुतोय म्हनून. केसानं गळा कापलास, कानिफ." मग तिनं स्वतःचे हात पुढं केले. "आन दर रईवारी तुमच्या तिघांची घान ह्या हातांनी काढली. हात चालले तुला. लुगडं न्हाई चाललं."

"बरं, टाक आजपासून. दिपाली, कर गं चालू," कानिफनाथ म्हणाला. जणू तक्रार मशीनचीच होती.

कडूबाईनं लुगडं बाहेर काढलं. मग माझ्याकडं वळली.

"जाळी विरली न्हवती. तुला ठाव हुतं ना रंगनाथ?"

मी मान खाली घातली. पंधरा वर्षांत गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ शिव्या दिल्या, पण एवढी लाज मला कधीच वाटली नव्हती.

तिनं वाकून नवी जाळी उपसली, लेकाच्या हातात दिली, लुगडं छातीशी धरलं आणि बाथरूममध्ये गेली. बादलीत नळ सुटल्याचा आवाज आला.

कानिफनाथ जाळी उलटीसुलटी करत राहिला. दोनदा टबाला लावून बघितली, बसेना.

"दादा, ही बसवायची कशी?"

"आईला विचार," मी म्हणालो आणि हत्यारं पिशवीत भरू लागलो.

तो बाथरूमच्या दाराशी गेला. "आई," म्हणून हाक मारली, मग दार ढकललं. आतून कडी होती.