सोळा रविवारांचा उपास

अमेरिकेत लढाई चालू होती त्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आला होता, की अमरावतीच्या बाजारातली बैलगाड्यांची रांग वेशीबाहेर जायची. मी मूळचा पुण्याकडचा, अमरावतीतल्या एका गोऱ्या व्यापाऱ्याच्या पेढीत दुभाषा होतो. शेतकरी स्वतःचा कापूस घेऊन साहेबासमोर उभा राही, बोलायचा मात्र दलाल. काय बोलणं चाललंय ते शेतकऱ्याला कळतच नसे. हे रोज बघून माझं डोकं फिरे. तसं माझं डोकं फिरायला फारसं काही लागत नाही.

रविवारी साहेब प्रार्थनेला जाई आणि पेढी बंद राही. म्हणून मी पहाटेच बैलांच्या दमणीत बसून अकोल्याच्या वाटेवरच्या एका गावी जाऊ लागलो. पाटलांच्या ओसरीवर गावची शाळा भरायची. तिथेच मिसरूड फुटलेल्या बारा-तेरा पोरांना मी फुकट इंग्रजी शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी पाटलीणबाईंनी विचारलं, "मास्तर, लेकरं किती तुमाले?" लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. मी "नाही" म्हणालो आणि मग विनाकारण पोरांवर ओरडलो.

पोरं गुणी होती. इंग्रजी शब्द पाढ्यांच्या चालीवर मान डोलवत म्हणत आणि अर्थ विचारला की एकमेकांची तोंडं बघत. माळ्याचा मुलगा तेवढा निराळा. तो अमरावतीच्या छावणीतल्या साहेबांच्या बंगल्यांवर वांगी विकायला जाई. खानसाम्याला मध्ये न घालता मडमेशी आपण स्वतः बोलायचं, एवढाच त्याला ध्यास. धडा संपला तरी तो दमणीच्या चाकाबरोबर चालत वेशीपर्यंत मला शब्द विचारत येई. मी त्याच्यावर कधी ओरडलो नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. घरोघरी माणूस पुरत नव्हतं, तरी एकाही पोराचा एकही रविवार चुकला नाही. गावाला इंग्रजीची गोडी लागली असं समजून मी मनातून चांगलाच फुगलो होतो. जेवणाची तेवढी अडचण होती. सोवळ्यापायी मी तिथलं शिजवलेलं काही खात नसे, दूध आणि केळी घेई. कुणी आग्रहही करत नसे, याचं मला बरंच वाटे.

सोळाव्या रविवारी पोचलो तर ओसरीवर रांगोळी काढलेली. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. पाटी एकाच्याही हातात नव्हती.

"हे काय चाललंय? आज धडा नाही का?"

"काहून तापता मास्तर?" पाटलीणबाईंनी माझ्या हातात नारळ दिला. "उद्यापन हाय. सोळा ऐतवार झाले तुमचे."

मग हळूहळू उलगडा झाला. दर रविवारी येणारा, पैसा न घेणारा, दूध-केळ्यांवर राहणारा माणूस बघून गावानं पहिल्या महिन्यातच ठरवलं होतं, की मास्तरांनी मुलासाठी नवस केलाय. समोर पोरं बसली नाहीत तर मास्तरांचं व्रत मोडेल, म्हणून घरोघरच्या आयांनी हातातली कामं सोडायला लावून त्यांना धाडलं होतं.

"पण मी तर तुमच्यासाठी येत होतो," मी म्हणालो. आवाज चढलाच होता.

"आमीबी पोट्टे तुमच्यासाठीच धाडत होतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता पुढच्या ऐतवारपासून सारे वावरात. तुमच्या घरी पाळणा हालनच."

राग कुठे गेला ते कळलं नाही. पाळणा पुढेही कधी हलला नाही, ते इथेच सांगून टाकतो. ज्यांच्या हातचं मी विटाळ म्हणून टाळत होतो, ते माझ्या न जेवण्याला उपास समजत होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. मी पंगतीत जाऊन बसलो आणि रोडगा वरणात चुरून, तूप घेऊन जेवू लागलो.

माळ्याचा मुलगा समोरच्या पानावर होता. त्यानं अजून घास घेतला नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, "मास्तर, तुमचा दुसरा एखांदा नवस नाई काय?"

"आहे," मी म्हणालो.

पाटलीणबाईंचा वाढता हात थांबला. "किती ऐतवाराचा?"

"मोजलेले नाहीत."

त्यांनी आधी माझ्याकडे आणि नंतर त्या पोराकडे बघितलं. मग माझ्या पानात आणखी एक रोडगा ठेवून म्हणाल्या, "मंग येत जा. पन या बारीले उपास नाई करायचा. जेऊन जायाचं."