ब्लोअर न धरणारे बाळारामभाऊ

मशीनरूममध्ये पाऊल टाकण्याआधी बाळारामभाऊ दारातच खिसे उलटे करून झटकायचे. मग काळं फडकं काढायचे. "सिमेंटची धूल पांढऱ्यावर लपते, मॅडम. काल्यावर चुगली करते."

भाऊ करावे गावचे. महाप्याच्या आमच्या ऑफिसचं नेटवर्क ज्या यंत्रांतून चालायचं, ती साफ ठेवणं हे त्यांचं काम. माझ्याहून वयानं मोठे, तरी मी त्यांना अरेतुरे करायची. मी प्रशासन अधिकारी होते ना! वय पन्नाशीचं, अक्कल शाळकरी, आणि गळ्यातलं ओळखपत्र दुसऱ्या मंगळसूत्रासारखं मिरवायची. आता वायफाय लावायला नातीची मनधरणी करते, ती गोष्ट वेगळी.

मोठे साहेब भेटीला येणार म्हणून मी शेजारच्या खोलीत फरशा बसवायला काढल्या. भाऊ म्हणाले, आधी दार प्लास्टिकनं बंद करा. मी म्हटलं, "आधी फरशा." दोन दिवसांत मशीनरूम पिठाच्या गिरणीसारखी झाली.

"दोन दिवस द्या. एकेक मशीन बंद करून, उघडून, धूल खेचून काडतो."

"साहेब उद्या येतायत, बाळाराम! ब्लोअर मार आणि मोकळा हो."

"फुकायची ती चूल, मॅडम. हितं फुकली तर धूल आत जाऊन बसंल." आणि त्यांनी दोन्ही हात मागे बांधले.

मग ओढणी कमरेला बांधून मीच ब्लोअर धरला. काय रणरागिणी दिसत असेन! दहा मिनिटांत सगळं वरून चकाचक.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर, ऐन मीटिंगमध्ये नेटवर्क बंद पडलं. धूळ पंख्यांत, वायरींच्या खाचांत घुसली होती. साहेबांनी विचारलं, "साफसफाई कुणी केली?"

"बाळारामने," मी म्हटलं. भाऊ दारातच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढचे दोन दिवस एकेक खाच ब्रशनं मोकळी करून त्यांनी नेटवर्क उभं केलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा गेटपास काढून घेतला. कागदावर सही माझी. जाताना म्हणाले, "दर महिन्याला पंखे बघायला सांगा कोनाला तरी."

पुढे कुठल्याच कंपनीनं त्यांना मशीनला हात लावू दिला नाही. एमआयडीसीत बदनामी धुळीपेक्षा लवकर पसरते.

मी निवृत्त झाले, आणि काही वर्षांनी भाऊ गेल्याचं कळलं. करावेला त्यांच्या घरी गेले. खरं काय ते सांगायचंच, असं ठरवून गेले होते. वहिनींनी चहा पुढे केला.

"यांच्या हातून चुकी झाली म्हनून काडला, असा लोक बोलतात. हे म्हनायचे, मी हातच लावला नव्हता. तुमी तर तिथंच होता, मॅडम. खरा काय?"

मी कपातली साय बोटानं बाजूला केली. म्हटलं, "जाऊ द्या हो वहिनी. चुका सगळ्यांकडूनच होतात."

वहिनींनी मान हलवली आणि माझा कप उचलून आत नेला. चहा अजून अर्धा होता.