बिनकूलरची घरं

धर्मेंद्र बोढे एकोणपन्नासाव्या वर्षी डेटा ॲनालिस्ट झाला, तेव्हा नात्यातली माणसं त्याच्याकडून बिघडलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून मागू लागली. आपलं काम काय, हे समजावून सांगणं त्याने लवकरच सोडून दिलं.

त्याआधी बावीस वर्षं तो विजेच्या मीटरचं रीडिंग घेत हिंडला. नागपूरच्या गांधीबागेतली कापडाची दुकानं, त्यांच्या माळ्यावरची बिऱ्हाडं, मागच्या बोळातली घरं. रोज दीडशे-दोनशे दारं. कुणी पाणी द्यायचं, कुणी चहा, आणि बिल जास्त आलं की शिव्याही त्यालाच. कुणाची पोर दहावीला आहे, कुणाच्या घरी सासू-सुनेची मीटरं वेगळी झाली, सगळं त्याला ठाऊक. मग मीटरं स्वतःचं रीडिंग स्वतःच पाठवू लागली आणि दारोदार हिंडणारा माणूस नकोसा झाला.

तो काही डोक्याला हात लावून बसला नाही. नरखेड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, पण काटोलला राहून गणितात बी.एस्सी. केलेला. वर्षभर डेटाचा क्लास लावला. वर्गातली मुलं ‘अंकल, अंकल’ करत त्याच्याकडून गणितं सोडवून घेत आणि डबा खायला आपापल्या घोळक्यात निघून जात. शिकायचं होतं, शिकला.

घरी कौतुक करायला कुणी नव्हतं. बायको, वंदना, मुलीच्या, मुग्धाच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली होती. दोन महिन्यांसाठी गेली, त्याला आता चौदा महिने झाले होते. मुग्धाची नोकरी, जावयाच्या शिफ्टा, पाळणाघराचा भरवसा नाही. कारणं सगळी खरी, त्यामुळे भांडायचीही सोय नाही. रोज फोन येई. “जेवले का?” “जेवलो.” तेवढ्यात तिकडे बाळ रडे.

एका खासगी कंपनीने त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. काम असं, की वापराचे आकडे पाहून वीजचोर हुडकायचे. चाळीस हजार घरं, दर पंधरा मिनिटांचा आकडा; नावं-पत्ते झाकलेले, दिसे फक्त क्रमांक. चोर नेमके सापडले तर नोकरी कायम, नाही तर रामराम. पन्नाशीला टेकलेल्या नवशिक्याला दुसरीकडे कुणी दारात उभं करणार नाही, हे त्याला पक्कं कळत होतं.

त्याने नियम काढला तो अस्सल नागपुरी. मे महिन्यात घरात माणूस आहे, दिवे लागतात, फ्रिज चालतो, आणि कूलर मात्र चालत नाही? अशक्य. म्हणजे कूलरची वीज मीटरला चुकवून घेतलेली.

“सर, हे मला जन्मात सुचलं नसतं,” त्याची वरिष्ठ अदिती म्हणाली. ती सत्तावीस वर्षांची. “निम्मे जरी खरे निघाले ना, तरी तुमचं कायम झालंच समजा.”

तीनशे बारा घरांची यादी तपासणी पथकाकडे गेली.

शनिवारी भर दुपारी मनीषनगरातल्या त्याच्या फ्लॅटची बेल वाजली. कितीतरी दिवसांनी वाजली. त्याने घाईघाईने बनियनवर शर्ट चढवला आणि दार उघडलं. दारात दोन तंत्रज्ञ, आणि पुढे हातात कागद घेऊन देवाजी. रीडिंगच्या कामातला त्याचा जुना सोबती, आता पथकात.

“अबे, तू?” देवाजीने कागद पुन्हा वाचला. “काहून गा धर्मेंद्र, चोरी करून राहिला काय?”

मीटर तपासलं. सील शाबूत, तार सरळ.

“अन् कूलर कुठी हाय तुया?”

“बाल्कनीत. झाकून ठेवला.”

“मे महिन्यात? वेडा झाला का गा?”

“जाळ्यांतलं गवत बदलायचं राहून गेलं. दिवसा ऑफिसात असतो, रात्री गच्चीवर झोपतो. एकट्यासाठी कुठं टाकी भरत बसू?”

“अन् वहिनी?”

“पुण्याले हाय.”

देवाजीने टोपी काढून घाम पुसला. “कोण्या शहाण्यानं बनवली ही यादी? सकाळपासून चौथं घर. पयल्या घरी म्हातारबा, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसलेला. दुसऱ्या घरच्या बाईनं पन्हं पाजलं, मंग फोटोचा अल्बम काढला, जाऊच देईना. तिसरा रिटायर मास्तर. त्यानं तर आमाले अख्खा पेपर वाचून दाखवला! चोर एक नाही सापडला.”

यादी कुणी केली ते धर्मेंद्रने सांगितलं नाही. “चहा टाकतो,” एवढंच म्हणाला.

“नको गा, अकरा घरं बाकी हायेत.”

जिन्यावरून त्यांचे आवाज खाली जात राहिले. पायात चपला घालाव्या आणि त्यांच्या मागे जावं असं त्याला वाटलं. पण गेला नाही. जाऊन काय सांगणार होता?

सोमवारी पथकाचा अहवाल यायच्या आधीच तो अदितीपुढे उभा राहिला. “माझा नियम चुकला. यादी थांबवा.”

“एकदोन घरांवरून नियम चुकत नाही, सर.”

“त्यांतलं एक घर माझं आहे.”

तिने मान वर केली. मग म्हणाली, “आकड्यांत दाखवा.”

त्याने दोन दिवस खपून दाखवलं. चोराचा वापर एका दिवसात धाडकन पडतो. या घरांचा वर्षभर पायरीपायरीने उतरत गेलेला. आधी गीझर जातो, मग मिक्सर, मग इस्त्री, शेवटी कूलर. तीनशे बारांतून एकेचाळीस उरले. पथकाला त्यांत सव्वीस चोर सापडले आणि धर्मेंद्र बोढे कायम झाला. अदितीने पेढे मागवले. त्याने वंदनाला फोन केला. ती मनापासून खूश झाली आणि बाळाला आंघोळ घालायची आहे म्हणून तिने फोन ठेवला.

“ती दोनशे एकाहत्तर घरं काढून टाका सर, आपल्या कामाची नाहीत,” अदिती म्हणाली.

“काढतो.”

काढली नाहीत. दुपारी काम संपलं की तो ती फाईल उघडून बसे. जूनच्या एका दुपारी त्यांतल्या एका घराचा आकडा एकाएकी चढला. साडेतीन वाजता मिक्सर चालला असावा, दुसऱ्या खोलीतला पंखाही. पावणेपाचला आकडा पुन्हा खाली आला. सव्वा तासासाठी कोण आलं असेल, याचा विचार करत तो ऑफिस रिकामं होईपर्यंत बसून राहिला.