रातपाळीची बदली

माझ्या आईनं मला फसवलं आणि बाबांनी तिला साथ दिली. त्या खोलीत आम्ही तीन मोठी माणसं होतो. त्यातल्या दोघांनी मिळून तिसऱ्याला अंधारात ठेवलं.

मी लालबागला मिरची विकते. दुकान माझं आहे, कुणी दिलेलं नाही. लग्नाआधी मी दुसऱ्याच्या दुकानात मिरचीचे देठ काढायला बसायचे, तिथून इथवर आले. पाणी मारून वजन वाढवलेली बेडगी मला डोळे मिटून कळते. मूठभर मिरची कानाशी नेऊन हलवायची. माल सुका असेल तर आतलं बी खुळखुळतं, ओला असेल तर गप्प बसतं. कर्नाटकातले मोठे व्यापारी माझ्याशी फोनवर जपून बोलतात. असं असताना मला माझ्या आईनं गंडवलं, आणि तेही एकही शब्द खोटा न बोलता.

मुलगी मला उशिरा झाली, चाळिशी डोळ्यांसमोर आल्यावर. रिवाजाप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला आईकडे गेले, परळच्या चाळीत. नवरा आमच्या दादरच्या घरी राहिला. लोअर परळच्या एका टॉवरमध्ये एसी सांभाळायची त्याची नोकरी, ड्युटी कधी लागेल त्याचा नेम नाही. रविवारी तो यायचा, पोरीला मांडीवर घ्यायचा आणि तिच्याआधी स्वतःच घोरायला लागायचा. आई त्याच्याकडे बघून मला हळूच म्हणायची, "जावयबापूंका पन झोळी बांधूया काय?"

पोरगी झोपायचीच नाही. बाळ झोपलं की आईनं झोपावं, असं मला सगळ्यांनी सांगितलं. सांगणाऱ्यांतल्या एकीनंही दुपटी धुवायला नेली नाहीत. पोरीचा डोळा लागायचा तेवढ्यात मी दुपटी पिळायचे, दुधानं भिजलेला गाऊन बदलायचे, भिंतीला पाठ टेकायचे, आणि ती उठायची. जायफळ उगाळून चाटव म्हणून शेजारणी सांगून गेल्या. डॉक्टरांनी दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी जायफळ मसाल्यासाठी विकते, मला कुणी त्याचे गुण सांगायची गरज नव्हती. मी सगळ्यांवर ओरडले.

मी मुळातच तापट. पण झोप नसली की राग यायलाही ताकद उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. चहात साखरेऐवजी रवा घातला. मोरीत जाऊन अंगावर पाणी घ्यायचं विसरून नुसती उभी राहिले. एकदा तर पोरगी माझ्या खांद्यावर रडत होती आणि मी तिला खोलीभर शोधत होते. बाबांनी माझा खांदा धरून मला थांबवलं तेव्हा कुठे कळलं.

सव्वा महिना झाला आणि मिरचीचा हंगाम सुरू झाला. आमचा धंदा वर्षभर चालतो असं लोकांना वाटतं. खरं तर होळीपासून पावसाच्या आधीपर्यंत बायका वर्षाचा मसाला करून घेतात, आणि त्या दिवसांत दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाऊन कायमचं तिथलंच होतं. मी बाळंतिणीचा कानाला बांधायचा रुमाल सोडला आणि दुकानात जाऊन बसले. आईची चाळ दुकानापासून चालत जाण्याजोगी. पोरीला पाजायला अधूनमधून येता येईल, म्हणून माहेरीच राहिले.

गिरगावची एक आजीबाई दरवर्षी माझ्याकडे येते. तिच्यासारखी घासाघीस करणारी बाई मी पाहिली नाही. ती भाव पाडत होती, मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता पोत्याला टेकून उभ्याउभ्या झोपले. ती मला हलवून म्हणाली, "काय गं, मी मागितलेल्या भावानं चक्कर आली की काय?" सगळं दुकान हसलं. मीही हसले. पण समोर मसाला कुटणारी कांडपवाली बाई आईच्याच चाळीत राहायची, तिनं जाऊन ते आईच्या कानावर घातलं.

त्याच संध्याकाळी आईनं सौदा मांडला. "आजपासून रातपाळी माजी," ती म्हणाली. "तू नीज."

आमच्या घरात सगळं पाळ्यांत मोजायचं. बाबा गिरणीत बदली कामगार होते. रोज दारावर जाऊन उभं राहायचं, कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं, आला तर घरी परतायचं. अशी कित्येक वर्षं काढली, पण कायम काही झाले नाहीत. गिरणीच बंद पडली. मग वॉचमन झाले. पण घरातली भाषा तीच राहिली. पाणी भरायची पाळी, केर काढायची पाळी, एवढंच काय, एकच गादी होती तेव्हा तिच्यावर झोपायचीसुद्धा पाळी.

मी म्हटलं, "पूर्ण रात्र नको. अर्धी तू, अर्धी मी."

"ती घासाघीस तुज्या मिरचीवाल्यांकडे कर."

"आई, या वयात जागरण झेपणार आहे का तुला?"

"माका खंय झोप येता? बसूनच रात जाता माजी." मग माझ्या वेणीला हात लावून म्हणाली, "आणि तुज्या केसांत मिरची आसा. चेडवाक शिंका येतत."

तेही खरंच होतं. दुकानातून आल्यावर डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय आणि हातांना खोबरेल चोळल्याशिवाय आई मला पोरीला हात लावू द्यायची नाही. तरी पोरीचे डोळे लाल व्हायचे.

"किती दिवस करशील?" मी विचारलं.

"मी बदली गो. तुजो हंगाम संपलो की तू कामार हजर, मी घराक."

बाबा दारात बसून पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली, आईकडे पाहिलं आणि पुन्हा पेपरात घातली.

माझ्याकडे कामाला येणाऱ्या मुलींना मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवते. समोरच्यानं फार लवकर, फार चांगला सौदा दिला, तर पोतं तळापर्यंत उपसून बघायचं. आईनं मला सगळं दिलं आणि बदल्यात काहीच मागितलं नाही. मी पोतं उपसलं नाही. मी झोपले.

आणि काय झोपले. तशी झोप मला लहानपणीही मिळाली नसेल. आई तिच्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याची झोळी बांधायची. पोरगी झोळीत राहिली नाही की तिला छातीवर घेऊन बसायची. दूध पाजायची वेळ झाली की मला न उठवता पोरीला माझ्या कुशीत ठेवायची, पोट भरलं की उचलून न्यायची. सकाळी उठल्यावर मला आठवायचंही नाही. मी दुकानात परत माझी मी झाले. गिरगावच्या आजीबाईला पुढच्या खेपेला एक दमडी सोडली नाही, तेव्हा तीच म्हणाली, "मेली झोपलेलीच बरी होतीस."

आता जे सांगते ते मी रोज डोळ्यांनी पाहत होते. बाबा संध्याकाळी गादीची वळकटी करून कपाटाला टेकवून ठेवायचे आणि आई तिला पाठ लावून रात्र काढायची. पोरीसाठी बसते, असं मला वाटायचं. आईनं पायांतली जोडवी काढून ठेवली. झोळीला पायानं झोका देताना कापडात अडकतात, म्हणाली. तिची पावलं सुजली होती. बसून बसून सुजली, म्हणाली. खाली नळावर जायचं तिनं सोडलं, बाबा जायला लागले. पोरगी एकटी राहत नाही, म्हणाली. यातली कुठली गोष्ट खोटी होती? एकही नाही. असा माल माझ्यासमोर आला असता तर मीही पास केला असता. केलाच.

हंगाम सरत आला होता. गिऱ्हाईक पातळ झालं होतं. आता घरी जाऊन आईला मोकळं करायचं, असं मी त्या आठवड्यात नवऱ्याला म्हणालेही होते. दुपारी कांडपवाल्या बाईचा मुलगा धावत आला. आई पोरीला झोळीत ठेवून उठली आणि तिथंच खाली बसली होती. मी पोचले तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, इतका दम लागला होता. शेजारीण झोळीला झोका देत होती. पोरगी आत गाढ झोपली होती.

इस्पितळात डॉक्टरीण बाईंनी मला विचारलं, "यांना हा त्रास आधीपासून होता का?"

"नाही," मी म्हटलं. ठामपणे म्हटलं, मी सगळं ठामपणेच म्हणते.

मागून बाबा म्हणाले, "होता."

मी वळून पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, डॉक्टरीण बाईंकडे बघून बोलत होते. माझ्या बाळंतपणाच्या आधीच तिला हृदयाचं दुखणं निघालं होतं. भरती व्हा, तपासण्या करून घ्या, जागरण तर मुळीच नको, असं तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग तिचा हंगाम होऊ दे, मग नातीला झोपेची सवय लागू दे, असं म्हणत तिनं पुढे ढकललं. आडवं झालं की तिचा श्वास कोंडायचा. म्हणून ती बसायची. म्हणून ती वळकटी. रात्रभर बसणार होतीच, तर नातीला घेऊन बसली.

संध्याकाळी तिला जरा बरं वाटलं. नाकातली नळी काढू नका म्हटलं होतं, तरी तिनं बाजूला सारली. मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये हे मला कळतं, पण मला दुसरं काही येत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगलां असतां तर तू निजली असतंस?"

तिनं माझ्या हाताचा वास घेतला आणि म्हणाली, "खोबरेल लावून जा. चेडू वाट बघीत आसतला."

सकाळी ती गेली.

पोरीला काय सांगणार? ती तेव्हा वळायलाही शिकली नव्हती. पण ती खोलीतल्या प्रत्येक बाईच्या खांद्यावर नाक घासायची आणि मग रडायची. कार्य झाल्यावर मावश्यांनी आईची लुगडी वाटायला काढली. तसंच करतात, वापरलेले कपडे घरात ठेवत नाहीत. मी झोळीच्या लुगड्याला कुणाला हात लावू दिला नाही. ते धुतलंही नाही. त्यात घातलं की पोरगी गप्प व्हायची. आईचा वास होता त्याला, कापराचा आणि तिच्या डोक्याच्या तेलाचा. मी दुकानातून आले की लांबूनच बघायचे, जवळ जायचे नाही. माझी मिरची त्याला लागेल म्हणून.

पण वास काही राहत नाही. दुधाचा लागला, लाळेचा लागला, आणि एक दिवस पोरीनं झोळीत नाक खुपसलं आणि ओरडून रडायला लागली. मला तेव्हाच कळलं. मी लुगडं काढून धुतलं.

आता आम्ही दादरला राहतो. बाबांना मी बरोबर घेऊन आले. पोरगी परत झोपत नाही, मीही झोपत नाही. नवरा जमेल तेवढं करतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मागच्या आठवड्यात मी भातासाठी तांदूळ धुता धुता ओट्याला टेकून डोळे मिटले. बाबा उठून आले. माझ्या खांद्यावरून पोरीला घ्यायला त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाले, "दे इकडे. मला तशीही झोप येत नाही."

आईचंच वाक्य, फक्त बोली वेगळी. माझ्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं, तांदूळ जमिनीभर झाले.

"कुठे दुखतंय तुम्हाला?" मी विचारलं.

"कुठे नाही गं."

"झोपल्यावर दम लागतो? पाय दाखवा. दाखवा पाय."

त्यांनी खरंच पायजमा वर केला. लहान मुलानं मास्तरांना नखं दाखवावीत तसे पाय दाखवले. सूज नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, आणि आत जाताना सांगितलं की डॉक्टरांशी मी बोलणार, तुम्ही नाही.

त्यांना काही निघालं नाही. परतताना टॅक्सीत मी त्यांना विचारलं. तेव्हापासून रोज विचारतेय. तुम्ही रोज संध्याकाळी ती वळकटी बांधत होता. तुम्हाला माहीत होतं ती कशासाठी आहे. मी समोर बसून जेवत होते. एक वाक्य पुरलं असतं. हंगाम गेला असता, दुकान गेलं असतं, मी परत देठ काढायला बसले असते. ते मला येतं. माझी झोप एवढ्या किमतीला घ्यायची की नाही, हे मला विचारायला नको होतं का?

बाबांनी एकदाच उत्तर दिलं. "तिनं शपथ घातली होती. तुझ्या पोरीची."

मला ते चालत नाही, बाबा. जन्मभर तुम्ही दुसऱ्याच्या जागी उभे राहिलात, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार की बदलीवर आलेल्या माणसालाही सुट्टी होते, कायमचा माणूस दारात दिसला की त्याला घरी सोडतात. मी रोज संध्याकाळी दारात येत होते. तुम्ही तिला सोडवलं नाहीत, मला आत घेतलं नाहीत.

शपथ घालणारी गेली, तिच्याबरोबर शपथही गेली. पोरगी तुमच्या मांडीवर आहे, मी समोर बसलेय, आज दुकान बंद आहे. आता बोला.