रस्त्याखालचा माग

मासिकाच्या या सदरात येणाऱ्या पिंपळावरच्या आणि आडातल्या भुतांच्या गोष्टी मी हसत वाचते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. अंगात येणाऱ्या बाईला मी तोंडावर विचारलेलं आहे, "दर शुक्रवारीच कशी गं येते तुझी देवी? बाकीचे दिवस तिला सुट्टी नसते का?" तेव्हा मी भित्री नाही आणि भाबडीही नाही. मत्सरी मात्र आहे. ते इथं लपवून भागणार नाही, कारण जे घडलं ते त्याच्यापायीच घडलं.

आमचं घर शहापूरच्या विणकरांच्या गल्लीतलं. रेल्वे फाटकापलीकडचं बेळगाव इंग्रजांचं, अलीकडचं शहापूर संस्थानात. गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकानं कुणाच्या तरी उंबऱ्यावर चढायचं. घराघरात जमिनीत खणलेला खड्डा आणि त्यात पाय सोडून मागावर बसलेलं माणूस. आमच्या घरात दोन माग होते. एक आमच्या घरच्यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, एक सासूबाईंचा. सासरे लवकर गेले, तेव्हापासून सासूबाईच मागावर बसल्या आणि त्यावर त्यांनी दोन मुलगे वाढवले.

थोरल्या मुलाची बायको म्हणजे माझी जाऊ. मी तिला आक्का म्हणते. ती माझ्या सहा वर्षं आधी या घरात आली आणि सासूबाईंच्या शेजारी बसून विणायला शिकली. मी आले तेव्हा ती जागा भरलेली होती… मला धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरायला बसवलं. पुढं दहा वर्षं मी ऐकत होते — आक्काचा काठ बघ, आक्काची भाकरी बघ. "पारू, चांगलं केलंस गं," असं सासूबाई मला एकदाही म्हणाल्याचं आठवत नाही. आणि मी पुष्कळदा आठवून बघितलेलं आहे.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. लुगडं विणून झालं की मागावरून कापून काढतात, पण ताण्याचे, म्हणजे उभे, हातभर धागे मागाच्या फणीत तसेच ठेवतात. त्या दशा. नवा ताणा आला की त्याचा एकेक धागा एकेका दशीला पिळून सांधायचा, असे हजारो. एक तर फणी नव्यानं भरण्याची आठवड्याची डोळेफोड वाचते, आणि दुसरं म्हणजे घरातला धागा तुटत नाही. सासूबाईंची फणी त्यांच्या सासूच्याही आधीपासून अशी सांधत आलेली होती. सासूबाई गेल्या आणि मागासकट ती आक्काकडे गेली. रीतच तशी आहे. पण रीत आहे म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

त्याच वर्षी संस्थानाचा हुकूम आला. प्लेगात या गल्लीनं फार माणसं घालवली होती, तेव्हा आता गल्लीत हवा खेळली पाहिजे, उजेड आला पाहिजे, गटारं पाहिजेत, असं ठरलं. आमच्या बाजूची घरांची ओळ पाडून तिथून रुंद रोड न्यायचा आणि आम्हाला रोडच्या कडेला आणि मागं मोकळ्या रानात प्लॉट द्यायचे. ओव्हरसियर फीत घेऊन आला आणि दारादारावर चुन्याची फुली मारत गेला. कुणी रडलं, कुणी नव्या घराच्या खिडक्या मोजायला लागलं. मी दुसऱ्यांतली.

प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. आक्काला निघाला अगदी रोडवरचा, पूर्वेकडे तोंड असलेला. आम्हाला निघाला बरोबर तिच्या पाठीमागचा, गटाराला लागून. चिठ्ठी आमच्या घरच्यांनीच उचलली होती, त्यामुळे कुणाला बोलायचीही सोय नव्हती. आक्का म्हणाली, "पारू, मागच्या दारानं येत जा की, एकच घर समजायचं." एकच घर! दार तिचं रोडवर आणि माझं गटारावर.

घर पाडायच्या सकाळी माग सोडून ठेवले होते. दोन्ही फण्या दशांसकट फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवल्या होत्या. मी तिथं एकटीच होते. माझ्या हातांनी काय केलं ते सांगते. सासूबाईंच्या फडक्यात मी आमची फणी बांधली, आणि त्यांची फणी लुगड्याच्या पदराखाली घेऊन त्यांच्याच मागाच्या खड्ड्यात सोडली, वर दोन ओंजळी माती लोटली. माझ्याकडे ठेवता येत नव्हती, आमच्या घरच्यांनी आईची फणी हात लावताच ओळखली असती. मग मला नाही तर तिलाही नाही. दुपारपर्यंत गड्यांनी खड्डा दगडमातीनं भरला. पुढच्या पंधरवड्यात वर मुरूम पडला आणि बैलांचा रूळ फिरला.

आमची फणी उंदरांनी खाल्ली असं मी घरी सांगितलं. नवी फणी आणली, आणि आठ दिवस डोळे फोडून ती भरली कुणी? मीच.

आक्कानं दुसऱ्या दिवसापासून माग चालू केला. ती काही बोलली नाही. म्हणजे तिला कळलं नाही, असं मी धरून चालले. जे नवऱ्याला हात लावताच कळलं असतं, ते जन्मभर त्याच मागाशेजारी बसलेल्या बाईला कळणार नाही, हे मी कशावरून ठरवलं कोण जाणे.

दीड वर्ष गेलं. शिमग्याच्या सुमारास मला भर दुपारी मागाचा आवाज यायला लागला. सगळी गल्ली जेवायला बसलेली असते, माग थांबलेले असतात, आणि पुढून एकाच मागाचं खट्… खट्… चालू. मला वाटलं, ही बया जेवतसुद्धा नाही का? किती विणते? पाच दिवस ऐकलं. सहाव्या दिवशी राहवेना, ताट तसंच टाकून मागच्या दारानं शिरले.

आक्का भाकरी मोडून ताकात कुस्करत होती. माग बंद होता. धोटा वर ठेवलेला.

"ये गं पारू. ज्येवलीस?"

"न्हाय अजून… तुमचा माग थांबतच न्हाय म्हटलं, म्हणून आले बघायला."

आक्कानं हातातला घास खाली ठेवला. "माझा? मी म्हणतोय पारूच्या घरचे लई कामाला लागल्यात म्हणून."

आवाज तर चालूच होता. माझ्या घरातून नाही, तिच्याही नाही. आक्का उठून ओट्यावर गेली, मी तिच्यामागं. रोड रिकामा, उन्हानं पांढरा पडलेला. आवाज रोडच्या मधोमध, खालून येत होता. खट्, मग जरा थांबून पुन्हा खट्. सासूबाईंचा डावा पाय अधू होता. त्यांचा माग असाच थांबत चालायचा.

आक्का नुसती म्हणाली, "जा, ज्येवून घे."

चैत्रात, पावसाचा थेंब नसताना, निपाणीहून तंबाखू भरून आलेल्या गाडीचं चाक तिथं रस्त्यात आत गेलं. चांगलं आसापर्यंत. गाडीवान ओरडला, "आरं तिच्या! सडक हाय का चिखलाचा राडा?" गाडी काढली तर रस्ता चौकोनी खचलेला, कडा अगदी सरळ. गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. तो मागाचा खड्डा होता हे सांगायला ओव्हरसियर लागत नव्हता.

तरी ओव्हरसियर आला आणि त्यानं खणायला लावलं. वर मुरूम कोरडा ठणठणीत. कमरेइतकं खाली गेल्यावर एका गड्यानं हात घातला आणि कापड ओढायला लागला. ओढतोय तो येतच राहिलं. डाळिंबी रंगाचं.

"सायेब, वलं हाय ह्ये," तो म्हणाला.

ओलं होतं. ताज्या खळीचा वास येत होता, नुकतंच मागावरून उतरवल्यावर येतो तसा. काठात हाताहाताच्या अंतरावर एकेक पिवळा धागा. सासूबाईंना मोजता येत नसे, म्हणून मापासाठी तो धागा त्या टाकायच्या. गल्लीत दुसरं कुणी टाकत नसे. शेवटाला फणी होती, आणि फणीत हातभर दशा. मी पुरल्या होत्या तेवढ्याच.

मी त्या खड्ड्यात हातभर धागे टाकले होते. वर निघालं आठ हात कापड. धागे कुठून आले, सांगा मला.

"कुणाचं लुगडं हे? चोरीचा माल आहे काय?" ओव्हरसियरनं विचारलं. चोरी म्हटल्यावर मी आक्काच्या मागं सरले.

आक्का पुढं झाली. "आमच्या सासूबाईंचं हाय."

"त्यांना बोलवा मग."

"त्यास्नी जाऊन दोन वर्सं झाली, सायेब."

ओव्हरसियर हात झटकून म्हणाला, "घ्या आणि जा घरी." खड्डा पुन्हा भरला, पक्का ठोकला. आवाज त्या दिवसापासून बंद झाला.

संध्याकाळी आक्का कापड घेऊन मागच्या दारानं माझ्याकडे आली. पिवळे धागे मोजले. आठ. चौथ्यावर घडी घातली, दातानं टोक धरलं आणि एका दमात फाडलं. फणी होती ते अर्धं माझ्या मांडीवर ठेवलं.

"दशा तुझ्याकडं ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "मी दीड वर्स तुझ्याच फणीवर चालवतोय की. चांगली हाय गं तुझी फणी."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "आक्का…"

"दूध उतू जाईल माझं," म्हणून ती गेली.

बघा, चांगुलपणातसुद्धा तीच पुढं! त्या रात्री मी रडले ते लाजेनं किती आणि जळफळाटानं किती, हे मला अजून सांगता येणार नाही. त्या फणीला आम्ही नवा ताणा सांधला. पुढं मी स्वतः मागावर बसायला शिकले. शिकवलं आक्कानंच.

एका मास्तरांना मी हे आडून विचारलं होतं. ते म्हणाले, जमिनीत पाणी झिरपतं. झिरपत असेल. पाण्यानं कापड ओलं होतं, विणलं जात नाही. या गोष्टीला आता वीस-बावीस वर्षं झाली, रोडवरून मोटारी जातात, आणि मला अजून उलगडा झालेला नाही. फणी खड्ड्यात मी टाकली हे मात्र आज पहिल्यांदा लिहिते आहे. आक्काची नात हे मासिक आणते, ती तिला वाचून दाखवील. दाखवू दे.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडतो. सासूबाईंनीच ते विणलं असेल, तर कुणासाठी विणलं? तिच्यासाठी, का माझ्यासाठी? गेल्या संक्रांतीला आक्कानं तिचा तुकडा उन्हाला काढला होता. मी घरी जाऊन माझा आणला आणि त्यावर ठेवून बघितला. काठाला काठ, धाग्याला धागा, तेवढाच.

आक्का बघत होती. "झालं का गं समाधान?"

मी व्हय म्हटलं. पण घरी आल्यावर पुन्हा आठवून बघितलं… तिच्या तुकड्यातला पिवळा जरा जास्तच पिवळा होता.