उभ्यानं घातलेली रांगोळी

जुन्या हुबळीत आमच्या समोरच्या घरात एक अक्का राहायच्या. पहाटे मी दुधाला निघालो, की त्या सडा टाकून दारात रांगोळी काढत बसलेल्या असायच्या. काढली असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. "मी चिमूट तेवढी सैल करते. पडायचं काम तिचं," म्हणायच्या. घरात भांडं पडो, दूध सांडो, त्यांचं एकच: "बीळली बिडु." पडतंय तर पडू दे. या शांतपणाचा मला कधीकधी रागच यायचा.

मग त्यांची पाठ धरली. सून म्हणाली, "आत्याबाई, उद्यापासून मी रांगोळीचा छाप मारते."

दुसऱ्या दिवशी पहाटे बघतो तर त्या उंबऱ्याबाहेर ताठ उभ्या. मूठ कमरेशी, आणि तिच्यातून पांढरी पूड सावकाश खाली उतरत होती. इतक्या उंचावरून रेघ कसली राहतेय? ठिपके विस्कटले, कमळाचं धुकं झालं.

"अक्का, वाकवत नाही तर कशाला हा हट्ट?"

"मी कशाला वाकू? खाली जायचंय तिला. जमीन घेती की बरोबर, अण्णा."

वाटेवर पसरलेलं ते धुकं मला ओलांडवेना. तिथंच थांबून मी मान वर केली. अजून उजाडायचं होतं. चांदण्या अशाच, कुठंही रेघ न धरता पसरलेल्या.

तिथंही कुणाची तरी पाठ धरली असावी.