पिवळ्या वावरातली हिरवी भेंडी

टेंभुर्णीच्या एसटीतून उतरून फार्मवर पोचलो, तर पिवळी झाडं वावरात उभी आणि हिरवी बांधावर पडलेली. व्हायला हवं होतं नेमकं उलटं. पिशवी तिथंच टाकून मी ओरडलो, "कुणी उपटली ही?"

गयाबाई ही फार्मवरच्या मजूर बायकांच्या टोळीची मुकादम. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमी उपटली. साहेब आल्ते सकाळी. म्हनले, उद्या पाव्हणे येऊन राह्यले, प्लॉट एकसारखा दिसू द्या. येगळं दिसंल ते काढा. हिरवी येगळी दिसली, काढली."

"आणि त्यांना बांधलेली लेबलं?"

"ती बराबर सोडून ठिवली. फार्मचा माल हाय, वाया कामून घालवायचा?"

हसावं की रडावं कळेना. बियाण्याच्या फार्मवर 'रोगिंग' नावाचं काम असतं. जातीत न बसणारं, भेसळीचं झाड दिसलं की मुळासकट उपटायचं. शुद्ध बियाणं असंच तयार होतं आणि त्या कामात गयाबाईची टोळी एक नंबर होती. फक्त माझ्या प्लॉटमध्ये मला ती भेसळच हवी होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा अजून व्हायचा होता. मी एका खाजगी कंपनीच्या फार्मवर ब्रीडर होतो, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करणारा. तेव्हा पावसाळी भेंडीवर केवडा पडायचा. हा विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. आधी पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग फळंही. असल्या भेंडीला बाजारात कुत्रंही विचारत नाही. डोंगरउतारावर मात्र रानभेंडी उगवते. केसाळ, चिवट, तोंडात धरवत नाही. पण तिच्यावर केवडा मला कधी दिसला नाही. तिचा तेवढा गुण आपल्या भेंडीत आणायचा, हे माझं खूळ.

खूळच म्हणायचं, कारण दोघींचं नातं लांबचं. संध्याकाळी भेंडीच्या कळीतले पुंकेसर काढायचे, कागदी पिशवी घालायची, सकाळी रानभेंडीचा पराग लावायचा. संकर झाला, झाडं माणसाहून उंच गेली आणि फळांत बी जवळपास नाहीच! आमचे फार्म मॅनेजर, म्हणजे साहेब, म्हणाले, "साळवे, बियाण्याच्या फार्मवर बिनबियांचं झाड लावणारे तुम्ही पहिलेच."

मी ऐकून घेतलं आणि त्या संकरावर पुन्हा आपल्या भेंडीचा पराग लावला. याला बॅकक्रॉस म्हणतात. दर खेपेला रानटीपणा थोडा कमी होतो, हवा तो गुण टिकला तर टिकतो. थोडंसं बी हाती लागलं, ते सगळं या प्लॉटमध्ये पेरलं. बरीच झाडं पिवळी पडली, मोजकी हिरवीगार राहिली. या हंगामात निरोगी झाडांचं बी मिळालं नाही तर प्रयोग बंद, असं साहेबांनी बजावलेलं होतं. आणि नेमकी तीच झाडं आता बांधावर सुकत होती.

मी तडक ऑफिसात गेलो. "साहेब, तुमच्या ऑर्डरने माझी निरोगी झाडं उपटली गेली."

"अहो, पाहुणे यायचेत. प्लॉट नुसता चिवडा दिसत होता."

"त्या चिवड्यातच आपली भेंडी होती."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "आता काय करायचं?" हा प्रश्न त्यांनी मला पहिल्यांदाच विचारला.

"गोडाऊन रिकामं करून द्या. लगेच."

झाडं परत लावण्यात अर्थ नव्हता. भेंडीचं सोटमूळ तुटलं की झाड धरत नाही. पण फळं निबर झाली होती, आणि बी भरलेलं असेल तर ते फळातच राहून पक्व होऊ शकतं. मुळांना ओला गोणपाट बांधून आम्ही झाडं गोडाऊनच्या भिंतीशी उभी केली. "उपटायला येवढी मेहनत नव्हती," गयाबाई कुरकुरली, पण गोणपाट तिनंच वाळू दिला नाही.

फळं वाळून तडकली तेव्हा मी एकेक सोलून बी ताटात काढलं. बरंचसं बी पोचट निघालं. टपोरं निघालं ते मूठभर.

पुढच्या पावसाळ्यात ती मूठ पेरली आणि चारी बाजूंनी रोगाला लगेच बळी पडणारी भेंडी लावली.

"मुद्दाम रोग बोलावताय?" साहेबांनी विचारलं.

"आवतण दिल्याशिवाय परीक्षा कशी होणार?"

रोग आला, अगदी थाटात आला. कडेच्या ओळी हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. मधली बरीचशी झाडं हिरवी राहिली. मी बांधावर उभा राहून एकटाच हसत होतो. आपल्या हातून काहीतरी झालं, असा अभिमान त्या दिवशी वाटला, आणि आजही वाटतो.

पुढे पिंपळगाव रेणुकाईचे कडुबा नावाचे भाजीपाला करणारे शेतकरी प्लॉट बघायला आले. त्यांनी सरळ एक भेंडी धरली, अंगठ्यानं तिचं टोक मोडलं. कट्‌कन तुटलं. टोक मोडलं म्हणजे भेंडी कोवळी, ही आपल्याकडची परीक्षा.

"लव हाय थोडी," ते म्हणाले. "पर कवळी हाय. बी कवा देता?"

"काका, अजून काही पिढ्या निवड करावी लागेल."

"मंग जल्दी करा की! पिवळी भेंडी कोन घेतं?"

मी काही बोलायच्या आत शेजारी उभे असलेले साहेब म्हणाले, "साळव्यांना घाई करू नका. हे काम वेळ घेतं."

वाण बाजारात यायला त्यानंतरही बरेच पावसाळे गेले. पण काम थांबलं नाही. रानातला गुण पिकात आणायला पिढ्या लागतात. हीच गोष्ट साहेबाच्या डोक्यात उतरायला दोन हंगाम पुरतात, असा माझा अनुभव आहे.